पेड एसईओ टूल १४ महिने वापरलं, त्यातल्या ट्रॅफिकच्या आकड्याबद्दल सविस्तर रिव्ह्यू

आपली साइट गुगल सर्चमध्ये वर यावी म्हणून करतात त्या कामाचं (एसईओ) हे टूल, ते कुठल्याही साइटवर किती लोक येतात (ट्रॅफिक) हाही आकडा दाखवतं. टूलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. माझी जी तक्रार आहे ती थोड्याफार फरकाने या जातीच्या सगळ्याच टूल्सना लागू पडते आणि नाव घेतलं की सगळी चर्चा त्या एका कंपनीभोवतीच फिरत बसते. मी सायकल दुरुस्तीवर माहितीची साइट चालवते, चेन कशी बदलायची, ब्रेक का घासतात, चाकाची आऊट कशी काढायची असलं सगळं, पाच वर्षं झाली. प्रत्येक लेख स्वतः हात काळे करून, फोटो काढून लिहिलेला आहे, त्यामुळे साइटवर किती माणसं येतात हा माझ्यासाठी नुसता आकडा नाहीये.

झालं असं की सायकलचे पार्ट्स विकणाऱ्या एकांनी साइटवर जाहिरात द्यायची म्हणून विचारलं, मी म्हटलं महिन्याला ११ हजारांच्या वर लोक येतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मेल आला की मॅडम आम्ही टूलवर चेक केलं तिथे ३,९०० दिसतंय, तुम्ही ११ हजार म्हणालात. बस एवढंच. पुढे काही नाही, जाहिरात पण नाही. मला रात्रभर झोप लागली नाही, कारण मी खोटं बोलले नव्हते, माझ्या डोळ्यासमोर गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर कोड लावून येणारे मोजणाऱ्या गुगलच्या सेवेत, ११,४०० आकडा होता. मग ठरवलं की हेच टूल आपण विकत घेऊन बघायचं आणि आकडे का जुळत नाहीत याचा छडा लावायचा. १४ महिने दर महिन्याच्या ५ तारखेला मी सगळीकडचे आकडे एका शीटमध्ये उतरवत आले, आता त्यावरून लिहितेय.

त्या पहिल्या महिन्याचे आकडे असे होते. अ‍ॅनालिटिक्समध्ये ११,४०० युजर, सर्च कन्सोलमध्ये (गुगल सर्चमध्ये आपली साइट कशी दिसते ते साइटवाल्याला दाखवणारी गुगलची सेवा) ८,७०० क्लिक, टूलमध्ये ३,९०० आणि साइट जिथे ठेवलीय त्या होस्टिंगच्या पॅनलमध्ये तब्बल ६१,००० व्हिजिट्स. एकच साइट, एकच महिना, आणि चार ठिकाणी चार आकडे. गंमत म्हणजे यातला एकही आकडा खोटा नाही, प्रत्येकजण वेगळीच गोष्ट मोजतोय, आणि टूल तर मोजतच नाहीये.

हे सगळ्यात आधी समजून घ्या कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे. तुमच्या साइटवर त्या टूलचा कोड नाही, तुमच्या सर्व्हरचा त्याला अ‍ॅक्सेस नाही, मग कोण आलं कोण गेलं हे त्याला कळणार कुठून? ते करतं काय, तर त्याच्याकडे कीवर्डचा, म्हणजे लोक सर्चमध्ये टाइप करतात त्या शब्दांचा, एक मोठा साठा असतो, प्रत्येक कीवर्ड महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो याचा अंदाज असतो, त्या कीवर्डवर तुमचं पान कितव्या नंबरला दिसतं ते मशिन लावून तपासलेलं असतं, आणि त्या नंबरवर साधारण किती टक्के लोक क्लिक करतात याचं एक ठरलेलं कोष्टक असतं. समजा एखादा शब्द महिन्याला १,००० वेळा शोधला जातो, तुम्ही तिसऱ्या नंबरवर आहात आणि कोष्टकात तिसऱ्या नंबरला १० टक्के लिहिलेत, तर तुमच्या खात्यात १०० मांडले. असं सगळ्या कीवर्डचं करून बेरीज मारायची, झालं ट्रॅफिक! एचरेफ्स असो की सेमरश, ऑरगॅनिक ट्रॅफिकचा आकडा साधारण याच रीतीने निघतो, फक्त साठा आणि कोष्टक ज्याचं त्याचं वेगळं, म्हणून तर दोन टूल्सचे आकडे एकमेकांशीही जुळत नाहीत.

आता त्या मेलमधल्या ३,९०० कडे या. पहिली गोष्ट, मी सांगितलेले ११,४०० हे सगळीकडून आलेले लोक होते, म्हणजे गुगलवरून, कुणी ग्रुपवर टाकलेल्या लिंकवरून, बुकमार्कमधून, दुसऱ्या साइटवरून. टूलचा आकडा फक्त सर्चवरून येणाऱ्यांचा. हे तिथे लिहिलेलं असतं पण आकडा एवढा मोठ्या अक्षरात आणि त्याखालचं ऑरगॅनिक (म्हणजे जाहिरातीशिवाय, सर्चवरून) हे लेबल एवढं बारीक की घाईत बघणाऱ्याला दिसणारच नाही. दुसरी गोष्ट, टूल उघडल्यावर ते आपणहून एकाच देशाचा डेटा दाखवतं, सगळे देश निवडले तर तेच ३,९०० चे ४,६०० होतात. आणि तिसरी, ते युजर नसून व्हिजिट्सचा अंदाज आहे. त्यामुळे तुलना करायचीच तर अ‍ॅनालिटिक्समधली ऑरगॅनिक सेशन्स, म्हणजे सर्चवरून झालेल्या एकेक भेटी, घ्यायला हवी होती, ती त्या महिन्यात ७,९०० होती. म्हणजे खरी तुलना अ‍ॅनालिटिक्सचे ७,९००, सर्च कन्सोलचे ८,७०० आणि टूलचे ४,६०० अशी. अजूनही फरक मोठाच आहे पण ११,४०० आणि ३,९०० इतका अंगावर येणारा नाही. माझीही चूक होती की मी युजरचा आकडा सांगितला आणि तो कुठून काढला ते सांगितलं नाही.

मग मी एकेक पान घेऊन बसले. माझं चेन घसरण्याबद्दलचं एक पान आहे, साइटवरचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं. सर्च कन्सोलमध्ये या पानाला ३ महिन्यांत १,२४० क्लिक होते, म्हणजे महिन्याला चारशेच्या वर. टूलमध्ये तेच पान उघडलं तर महिन्याला १६०, आणि खाली फक्त १४ कीवर्ड. सर्च कन्सोलमध्ये त्याच पानाखाली ३१० क्वेरी, म्हणजे लोकांनी केलेले वेगवेगळे सर्च, होत्या. मी एकेक ओळ वाचत गेले आणि तेव्हा खरं डोक्यात प्रकाश पडला. लोक काय टाइप करतात बघा, मागच्या मोठ्या गिअरवर घेतलं की चेन खाली पडते, नवीन चेन टाकली तरी घसरते काय करू, चढावर चेन सटकते. कुणी महिन्यातून एकदा, कुणी वर्षातून एकदा. असली वाक्यं कुठल्या टूलच्या साठ्यात असणार? असली तरी समोर सर्च व्हॉल्यूम, म्हणजे महिन्याला किती वेळा शोधलं तो आकडा, शून्य. गुगल स्वतः वर्षानुवर्षं सांगत आलंय की रोजच्या सर्चपैकी साधारण १५ टक्के सर्च आधी कधीच कुणी केलेले नसतात, मग ते साठ्यात कुठून येणार. आणि इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतली साइट असेल तर हे आणखीनच जाणवतं, कारण एकच शब्द लोक चार प्रकारे लिहितात, दोन लिप्यांत लिहितात आणि आता तर बोलूनच शोधतात.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते. त्या ३१० क्वेरींच्या क्लिकची बेरीज मी केली तर ती ६९० च आली, १,२४० नाही! आधी वाटलं सर्च कन्सोलही गंडलंय. पण नाही, जे सर्च फार थोड्या लोकांनी केलेले असतात ते प्रायव्हसीसाठी गुगल यादीत दाखवतच नाही, एकूण क्लिकमध्ये मात्र ते धरलेले असतात. शिवाय स्क्रीनवर जास्तीत जास्त १,००० ओळी दिसतात हे पण लक्षात असू द्या, मोठ्या साइटवाल्यांची बेरीज त्यानेही चुकते. म्हणजे माझ्या एका पानावरचे जवळजवळ निम्मे वाचक असे आहेत की ते काय शोधत आले हे मलाही दिसत नाही, तर बाहेरच्या टूलला काय दिसणार.

आता उलटं उदाहरण. टायरच्या साइजचा तक्ता असलेलं एक पान आहे. तिथे टूल म्हणतं महिन्याला ९००. प्रत्यक्षात क्लिक २१०. का, तर तो शब्द भरपूर शोधला जातो, माझं पान चौथ्या नंबरवर आहे, पण गुगल वरच साइजचं उत्तर दाखवून मोकळं होतं, लोक वाचतात आणि निघून जातात, खाली यायची गरजच पडत नाही. २०२४ मध्ये एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे गुगलने एआयने तयार करून वरच दाखवलेलं उत्तर, यायला लागल्यावर हे प्रकार आणखी वाढले. क्लिकचं सरसकट कोष्टक लावलं की प्रत्येक पानाचा सर्चचा स्क्रीन वेगळा असतो ही गोष्ट नीट धरली जात नाही, कुठे वर चार जाहिराती, कुठे व्हिडिओ, कुठे फोटोंची रांग.

हे दोन्ही एकत्र ठेवून बघितलं तर माझा टूलच्या एकूण आकड्यावरचा विश्वासच उडाला. चेनच्या पानावर ते अर्ध्याहून कमी दाखवतं, टायरच्या पानावर चौपट दाखवतं, आणि मग हे कमी ते जास्त सगळं एकत्र होऊन ४,६०० येतात. म्हणजे उद्या तो आकडा चुकून ८,७०० च्या जवळ आला तरी तो बरोबर आहे असं म्हणता येणार नाही, दोन चुका एकमेकींना झाकतायत एवढंच. माझ्या शीटमध्ये टूलचा आकडा सर्च कन्सोलच्या तुलनेत कधी ४६ टक्के होता कधी ५८. काही लोक म्हणतात ना की आपल्या साइटवर हा रेशो काढा आणि त्याने स्पर्धकाचा आकडा गुणा, ते मी करून बघितलं आणि नंतर सोडून दिलं. माझाच रेशो पानागणिक बदलतोय तर दुसऱ्याच्या साइटला तो लावायचा कसा?

ट्रॅफिक दाखवणारा दुसरा एक प्रकार आहे, सिमिलरवेबसारखा, त्याची रीत वेगळी. तिथे ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स, अ‍ॅप्स वगैरेमधून काही लोकांच्या ब्राउझिंगचा डेटा येतो, त्याला क्लिकस्ट्रीम म्हणतात, आणि त्या थोड्या लोकांवरून सगळ्या जगाचा अंदाज बांधतात. शितावरून भाताची परीक्षा हीच, पण शितं पुरेशी हवीत ना. ज्या साइटवर लाखो लोक जातात तिथे हा अंदाज बरा येतो कारण त्या गटातलेही बरेच जण तिथे गेलेले असतात. माझ्यासारख्या छोट्या साइटवर त्या गटातले महिन्यात दोघं आले की चौघं आले यावर आकडा दुप्पट होतो. जुन्या लोकांना अलेक्सा रँक आठवत असेल, टूलबार लावलेल्या लोकांवरून साइटचा नंबर काढायचे, अ‍ॅमेझॉनने ती सर्व्हिस १ मे २०२२ ला बंद केली. आणि असा डेटा येतो कुठून याचीही काळजी वाटते, जम्पशॉट ही कंपनी अँटिव्हायरस वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगचा डेटा विकत होती आणि ते बाहेर आल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती बंद करावी लागली. असा एखादा स्रोत बंद पडला की त्यावर चालणाऱ्या टूलचे आकडे हलणारच.

आता अ‍ॅनालिटिक्सकडे वळते, कारण मी ज्या ११,४०० वर छाती ठोकून बोलत होते तो आकडाही वाटला तेवढा पक्का निघाला नाही. मी एक साधा प्रयोग केला, तुम्हीही करा. आपलंच एक पान एका पाठोपाठ एक तीन ब्राउझरमध्ये उघडलं, एक साधा, एक अ‍ॅडब्लॉकर लावलेला आणि एक ब्रेव्ह. शेजारी अ‍ॅनालिटिक्सचा रिअलटाइम रिपोर्ट उघडा ठेवला. रिपोर्टमध्ये एकच माणूस दिसला. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे होस्टिंगकडच्या नोंदवहीत, तिन्ही वेळा पान दिल्याची नोंद स्पष्ट होती, वेळेसकट. युब्लॉक ओरिजिनसारखे ब्लॉकर आणि ब्रेव्ह ब्राउझर अ‍ॅनालिटिक्सचा कोडच चालू देत नाहीत, त्यामुळे ती माणसं तिथे कधीच येत नाहीत. शिवाय नेट स्लो असेल आणि कोड लोड व्हायच्या आत माणूस मागे गेला तर तोही नाही. पीडीएफ थेट उघडली तर तीही नाही, पण सर्च कन्सोलमध्ये तो क्लिक असतो.

कुकी म्हणजे वाचक पुन्हा आला तर ओळखता यावा म्हणून ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी खूण, तिच्या परवानगीचं तर वेगळंच. माझ्याकडे बाहेरच्या देशांतूनही वाचक येतात म्हणून बॅनर लावलाय, ज्यांनी नको म्हटलं ते रिपोर्टमधून गळतात. गुगल म्हणतं आम्ही मॉडेलिंग करून ती जागा अंदाजाने भरतो, पण त्यासाठी दिवसाला किमान १,००० इव्हेंट नकार दिलेल्यांचे आणि किमान १,००० युजर होकार दिलेले लागतात. माझ्याकडे दिवसाला चारशेच्या आत माणसं, म्हणजे माझ्यासारख्या छोट्या साइटला ते मिळतच नाही, जे गेले ते गेले.

आणि हे नुसतं कमी दाखवतं असंही नाही. सफारीमध्ये अ‍ॅनालिटिक्सच्या अशा कुकीचं आयुष्य ७ दिवसांवर आणून ठेवलंय, म्हणजे आयफोनवरून एखादा वाचक दर दहा दिवसांनी येत असेल तर तो दर वेळी नवीन माणूस. तोच माणूस ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून आला तर आणखी एक. त्यामुळे माझ्या ११,४०० मध्ये काही माणसं दोनदा तीनदा मोजलेली आहेत आणि काही अजिबातच नाहीत. जाहिरातवाल्यांना मी लोक म्हटलं, पण ते ब्राउझर होते म्हटलं तर जास्त बरोबर.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक पण लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. टूल घेतल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की पेज व्ह्यू युजरच्या मानाने फारच जास्त आहेत आणि एंगेजमेंट रेट, म्हणजे लोक खरंच रमले अशा सेशन्सचं प्रमाण, ९७ टक्के. आधी मला वाटलं वा, काय मन लावून वाचतायत लोक. पण मग शोधलं तर कोड दोनदा लागलेला, एकदा थीममधून आणि एकदा टॅग मॅनेजर या कोड लावायच्या गुगलच्या सोयीमधून. जीए४ मध्ये, म्हणजे अ‍ॅनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत, सेशन एंगेज्ड धरायला तीनपैकी एक गोष्ट लागते, १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ, किंवा एखादा की इव्हेंट (आपण महत्त्वाची म्हणून ठरवलेली कृती), किंवा दोन पेज व्ह्यू. कोड दोनदा असला की एक पान उघडलं तरी दोन व्ह्यू पडतात आणि प्रत्येकजण एंगेज्ड होतो. एक कोड काढला आणि रेट ६० च्या खाली आला. मनाला लागलं, पण निदान खरं तर कळलं. तुमचा रेट असा ९५ च्या वर असेल तर आधी हे तपासा.

सर्च कन्सोल आणि अ‍ॅनालिटिक्स यांच्यातला फरक त्या मानाने पटकन समजण्यासारखा आहे. सर्च कन्सोल गुगलच्या पानावर झालेला क्लिक मोजतं, माझ्या साइटवर कोड चालला की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अ‍ॅनालिटिक्स सेशन मोजतं. एखाद्याने गुगलवरून माझं ब्रेकचं पान उघडलं, मागे गेला, दुसरं काही शोधलं आणि पंधरा मिनिटांत पुन्हा माझ्याच चेनच्या पानावर आला, तर तिकडे क्लिक दोन आणि इकडे सेशन एकच, कारण ३० मिनिटं काही हालचाल झाली नाही तरच सेशन संपतं. उलट अ‍ॅनालिटिक्सच्या ऑरगॅनिकमध्ये बिंग आणि डकडकगोवरून आलेलेही असतात. आणि एखादा गुगलवरून आला आणि दोन दिवसांनी सरळ पत्ता टाइप करून आला तर ते दुसरं सेशनही अ‍ॅनालिटिक्स बऱ्याचदा गुगलच्याच नावावर टाकतं, कारण डायरेक्टला श्रेय द्यायचं टाळून आधीचा स्रोत धरायचा असा त्याचा नियम आहे. एवढी कमी-जास्त करून माझ्याकडे ७,९०० आणि ८,७०० राहतात, आणि हा फरक मला आता खटकत नाही. माझ्या अनुभवात दोघांत १०-१५ टक्क्यांचा फरक असेल आणि तो दर महिन्याला साधारण तेवढाच राहत असेल तर डोकं लावू नका, अचानक वाढला तर मात्र कोड तपासा.

होस्टिंगचे ६१,००० मी विसरले नाहीये. लॉग उतरवून बघितलं तर त्यात बॉट, म्हणजे आपोआप साइट्स वाचत फिरणारी मशिन्स, गुगलबॉट, बिंगबॉट, जीपीटीबॉट, आणि गंमत म्हणजे एचरेफ्सबॉट आणि सेमरशबॉट पण, म्हणजे जी टूल्स माझं ट्रॅफिक अंदाजाने सांगतात त्यांचीच मशिन्स होस्टिंगच्या आकड्यात पाहुणे म्हणून बसलेली! साइट चालू आहे का हे दर ५ मिनिटांनी तपासणारी एक सर्व्हिस मी लावलीय, तिच्याच महिन्याला ८,६४० नोंदी. हा आकडा कुणी जाहिरातवाल्यांना दाखवत असेल तर कृपा करून दाखवू नका.

टूलबद्दलची माझी खरी तक्रार आता. सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास एका सकाळी टूल उघडलं तर ग्राफ ४० टक्के खाली. पोटात गोळा आला, सगळं सोडून सर्च कन्सोल उघडलं तर क्लिक जिथल्या तिथे, उलट थोडे वरच. मग बघते तर टूलमधले मागच्या महिन्यांचे आकडेही बदललेले, माझ्या शीटमध्ये त्याच महिन्यांसमोर वेगळे आकडे लिहिलेले होते म्हणून कळलं, नाहीतर कळलंही नसतं. सपोर्टला विचारलं तर आधी ठरलेलं छापील उत्तर आलं, दुसऱ्यांदा विचारल्यावर एका जणाने सरळ सांगितलं की कीवर्डचा डेटा आणि हिशोबाची रीत अपडेट झालीय आणि ती मागच्या महिन्यांनाही लावलीय. रीत सुधारली याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण ग्राफवर तिथे एक रेघ मारून लिहा ना की इथे हिशोब बदलला! कुणाची तरी नोकरी, कुणाचं तरी कॉन्ट्रॅक्ट त्या ग्राफवर अवलंबून असतं हो.

याच्याशी मिळतीजुळती एक गोष्ट सगळ्यांच्याच बाबतीत झाली, ती माहीत असलेली बरी. सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलने सर्चच्या एका पानावर १०० रिझल्ट मागवायची सोय बंद केली. त्यानंतर खूप साइट्सच्या सर्च कन्सोलमध्ये इम्प्रेशन (सर्चमध्ये साइट किती वेळा दाखवली गेली) एकदम खाली आले आणि सरासरी पोझिशन सुधारली, क्लिक मात्र तेवढेच. माझंही तेच झालं. बहुतेकांनी काढलेला अर्थ असा की टूल्सची मशिन्स एका दमात १०० रिझल्ट उघडायची आणि ऐंशीव्या नंबरवरच्या साइटलाही एक इम्प्रेशन मिळायचं, ते माणसाने बघितलेलं नसायचंच. आता टूल्सना त्याच १०० रिझल्टसाठी दहा वेळा पान मागवावं लागतं, त्यामुळे लांबच्या नंबरांची माहिती विरळ होणारच. सर्च कन्सोलमध्येही इम्प्रेशनपेक्षा क्लिकवर भरवसा ठेवा असं मी तेव्हापासून सांगते.

मग टूल वाईट आहे का? नाही, आणि हे मी मनापासून सांगतेय. साइट ऑडिटमध्ये त्याने २३ तुटक्या लिंक दाखवल्या ज्या मला वर्षानुवर्षं दिसल्या नव्हत्या. माझी ब्रेकवरची दोन पानं एकाच शब्दासाठी एकमेकांशी भांडतायत हे त्यातच कळलं, दोन्ही एकत्र करून एक चांगलं पान केलं आणि तीन महिन्यांत त्याचे क्लिक आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त झाले, सर्च कन्सोलमध्ये, टूलमध्ये नाही. दुसऱ्या साइट्स कुठल्या विषयांवर लिहितायत आणि आपलं काय राहिलंय हे बघायला याच्यासारखं दुसरं काही नाही. बॅकलिंकची, म्हणजे दुसऱ्या साइट्सनी आपल्याला दिलेल्या लिंकची, माहिती चांगली. एकाच टूलमध्ये दोन साइट शेजारी ठेवून कोण चढतंय कोण उतरतंय एवढं बघायलाही ठीक, कारण चूक असली तरी दोघांना रीत एकच लागते. फक्त साइट मोठी असेल तरच, छोट्या साइट्समध्ये तेही नीट कळत नाही.

कीवर्ड आणि ऑडिटसाठी माझ्याकडून ५ पैकी ४. ट्रॅफिकच्या आकड्यासाठी ५ पैकी २, आणि त्यातला एक हिशोबाची रीत त्यांच्या मदतीच्या पानांवर प्रामाणिकपणे लिहिलेली आहे म्हणून. डॅशबोर्डवर आकड्याच्या शेजारी अंदाज हा एक शब्द त्याच साइजच्या अक्षरात टाकला असता तर मी एक स्टार लगेच वाढवला असता. ज्यांची एकच छोटी साइट आहे त्यांनी सर्च कन्सोल आधी नीट वापरा, फुकट आहे, १६ महिन्यांचा डेटा ठेवतं, आणि त्यात आपली साइट जोडताना (त्याला प्रॉपर्टी म्हणतात) डोमेन प्रकारची बनवा म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं दोन्ही त्यात येतं. मी सबस्क्रिप्शन चालू ठेवलंय पण खालच्या प्लॅनवर.

गेल्या महिन्यात मी त्या पार्ट्सवाल्यांना पुन्हा मेल केला. या वेळी कुठलाच आकडा लिहिला नाही, स्क्रीनशॉट पण नाही, सर्च कन्सोलमध्ये त्यांना रिस्ट्रिक्टेड युजर (फक्त बघता येतं असा) म्हणून अ‍ॅड केलं आणि म्हटलं सर तुम्हीच बघा. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. किती लोक येतात हे त्यांनी विचारलंच नाही, म्हणाले मॅडम शुक्रवारी क्लिक वाढलेले दिसतायत, मग जाहिरात शुक्रवारपासून लावायची का? मी सांगितलं की सर्च कन्सोलचा दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने चालतो, आपल्याकडे शनिवारची सकाळ उजाडते तेव्हा तिथे अजून शुक्रवारच असतो, लोक शनिवारी सकाळी सायकल बाहेर काढतात आणि तेव्हा शोधतात. तर जाहिरात शनिवारी सकाळी ६ पासून लागलीय.